वाइंडरचा निर्णय पेंडिंग

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कामाला शिस्त पाहिजे. सगळी नोकरी खरेदी विभागात गेली. तीन कोटेशन्स आल्याशिवाय ऑफिसात टाचणी येऊ दिली नाही. घरी तीच पद्धत चालू.

काम एकच. हिची अर्धवट राहिलेली क्विल्ट पुरी करून लेकीकडे पोचवणे. लेकीला मे महिन्यात बाळ होणार. ही डिसेंबरात गेली. क्विल्ट तेव्हापासून फ्रेमवर तशीच ताणलेली आहे, निम्म्याहून थोडी जास्त शिवलेली, पुढची कोरी.

अडचणही एकच. बॉबिन भरायचा वाइंडर बंद पडलाय. बॉबिन नाही तर खालचा दोरा नाही, खालचा दोरा नाही तर टाका नाही. म्हणजे नवा वाइंडर घेणे आले. फेब्रुवारीत खरेदी, मार्चमध्ये क्विल्ट रवाना. एक घाव दोन तुकडे.

२ फेब्रुवारी, दुपार

शिवणार मीच. लाँगआर्म मशीनचं मला अगदीच काही कळत नाही असं नाही. साध्या मशीनवर आपण बसतो आणि कापड सरकवतो. इथे उलटं. कापड फ्रेमवर ताणून लावलेलं असतं आणि मशीनच रुळावर चालतं. त्याची दोन हँडलं धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत शिवायचं. ही दिवसभर चालायची. मी दारातून वर्षानुवर्षं बघितलंय. बघून अर्धं काम येतंच.

मी गोधडी म्हणालो की ही चिडायची. क्विल्ट म्हणा, म्हणायची. मी मुद्दाम गोधडी म्हणायचो.

५ फेब्रुवारी

वाइंडरची रीतसर तपासणी केली. स्विच दाबला. शून्य. प्लग बदलला. शून्य. दुसऱ्या खोलीत नेऊन लावावा म्हटलं, पण तो टेबलाला स्क्रूने बसवलाय आणि हिचे स्क्रू मी काढणार नाही. निदान: मोटर जळाली.

वाइंडरवर एक भरलेली बॉबिन तशीच आहे. त्या दिवशी हिने भरली. ती भरली, वाइंडर थांबला, आणि ही म्हणाली, जरा बसते, डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय. तिथून दवाखाना. मग परत आली नाही. वाइंडरही तेव्हापासून बंद. दोघं एकदमच.

बॉबिनला हात लावलेला नाही. यंत्र बिघडलं की पंचनामा होईपर्यंत आहे तसं ठेवायचं असतं. मेकॅनिक बोलावणार नाही. हे लोक आधी सगळं सुटं करतात आणि मग डोकं खाजवतात.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

जिन्यात खालचे दातवाले डॉक्टर भेटले. दुपारी दवाखाना बंद ठेवून हे घरी झोपतात. आढेवेढे घेत म्हणाले, दुपारी वर कोणीतरी चालतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश. वहिनी होत्या तेव्हा सवय होती, म्हणाले, पण आता जरा कसंतरी होतं.

मी सांगितलं, दुपारी मी झोपलेला असतो. घरात दुसरं कोणी नाही. त्यावर ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मोज्यांना पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

जुन्या इमारतीत आवाज इकडून तिकडे जातात. दातवाल्यांना हे कोण सांगणार.

११ फेब्रुवारी

दुकान. काउंटरवरची मुलगी हुशार दिसली, पण घाईची. म्हणाली, काका, वाइंडर कशाला, आमच्याकडे तयार भरलेल्या बॉबिन मिळतात, घाला आणि शिवा. मी म्हणालो, कामाची एक पद्धत असते. तिने विचारलं, घरी थोड्याफार भरलेल्या असतील ना?

आहेत. पत्र्याचा गोल डबा भरून आहेत. हिने भरून ठेवलेल्या. पण तो राखीव साठा. राखीव साठ्याला हात लावला की खरेदी विभागाची अब्रू गेली. हे मी तिला समजावलं. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

मग तिने विचारलं, बॉबिन एल की एम. मी म्हणालो, अर्थात एल. लाँगआर्म आहे ना आमचं! तिने लिहून घेतलं. मागे उभ्या असलेल्या बाई माझ्याकडे जरा बघत राहिल्या. माझ्यासारखं ठाम गिऱ्हाईक त्यांनी बघितलं नसणार.

१४ फेब्रुवारी

तुलनात्मक तक्ता तयार. तीन नमुने.

अ: साधा. बॉबिन भरली की आपोआप थांबतो. फालतू सोय. माणसाने लक्ष ठेवावं.
ब: वेग कमीजास्त करता येतो. वेग जास्त झाला तर दोरा ताणला जातो आणि शिवताना आक्रसतो, असं माहितीपत्रकात आहे. कमी झाला तर बॉबिन मऊ पडते. म्हणजे चूक करायची दोन्हीकडून मुभा.
क: डिजिटल. किती दोरा भरला ते आकड्यात दिसतं. दोरा ताणून धरणारी चकतीही भारी.

माझा कल क कडे. पण घाई नको.

ही असती तर म्हणाली असती, तक्त्याने बॉबिन भरत नाही हो. म्हणालीच. दुपारी, अर्धवट झोपेत, अगदी कानाशी. मी उत्तर दिलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, इथे लिहून ठेवतो.

१९ फेब्रुवारी

दुपारी झोपून उठलो तर तळहाताला मशीनच्या तेलाचा वास. जेवणात तेल जास्त झालं असेल. स्वयंपाकाच्या बाईंना सांगायला हवं.

खोलीचं दार उघडं होतं. मी ते लावूनच ठेवतो. मशीनचा दिवा लागलेला. मशीनमधून कापडावर एक लाल ठिपका पडतो, सुई नेमकी कुठे आहे ते कळावं म्हणून. तो ठिपका शिवलेल्या भागाच्या अगदी कडेला होता. दोनच बोटं पुढे गेला असता तर कोऱ्यात.

व्होल्टेजचा प्रॉब्लेम. वायरमनला बोलवायचं.

दिवा मालवला नाही. वायरमनला लागलेला दाखवायला हवा.

२३ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेला. सगळं ठीक आहे म्हणाला. म्हणजे त्याला काही कळत नाही.

लेकीचा फोन. बाबा, क्विल्ट कुठवर आली? मी म्हणालो, खरेदीप्रक्रिया अंतिम टप्प्यात. ती म्हणाली, मावशीला येऊ दे ना, ती आठवड्यात पुरी करेल. मावशी म्हणजे माझी मेव्हणी, हिची धाकटी बहीण. दोघी एकाच बाईंकडे शिकल्या. मी म्हणालो, तुझ्या मावशीचा टाका मोठा पडतो. लेक म्हणाली, तुम्हाला टाक्यातलं काय कळतं, आणि फोन जावयाकडे दिला. जावई नेहमीप्रमाणे म्हणाला, हो बाबा.

टाका मोठा पडतो हे मला हिनेच सांगितलं होतं. गमतीत म्हणाली होती, पण सांगितलं होतं.

२ मार्च

क नक्की केला. ऑर्डर गेली. हुश्श.

संध्याकाळी ब बद्दल शंका आली.

९ मार्च

पावलं मी स्वतः ऐकली. दुपारी डोळा लागता लागता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग थांबा. मग परत. वळताना हिचा डावा पाय जरा घासायचा, अगदी तसाच घासल्याचा आवाज.

उठून बघितलं नाही. उठलो तर थांबेल, हे मला कळत होतं. तसाच पडून राहिलो. किती बरं वाटलं, काय सांगू. रडू आलं आणि बरं वाटलं, दोन्ही.

जागा झालो तेव्हा पलंगावर आडवा होतो, पायांत मोजे, मोज्यांना दोरे. पंख्याच्या वाऱ्याने उडून येत असतील.

क्विल्ट फ्रेमवरून उतरली की मग ही कशाला येईल?

वरचं वाक्य वाइंडरशी संबंधित नाही. खोडायला हवं. पण पेनाने लिहिलंय, राहू दे.

१५ मार्च, सकाळ

क आला! खोकं केवढं, थर्माकोल केवढा. मध्ये वाइंडर, चिमणीएवढा. आकड्यांची पट्टी निळी. सुंदर. आज दुपारी बॉबिन, उद्यापासून शिवण. लेकीला फोन करून सांगितलं, कामाला लागलोय.

१५ मार्च, संध्याकाळ

रिकामी बॉबिन क वर बसवली. बसली, पण ढिली. स्विच दाबला तर कांडी गरगर फिरते आणि बॉबिन आपली जागच्या जागी, लग्नातल्या फुगलेल्या आत्यासारखी. कागदाचा तुकडा घालून घट्ट केली. मग फिरली, आणि उडाली. शोकेसची काच वाचली, माझं कपाळ वाचलं नाही.

दुकानात फोन केला. मुलगी म्हणाली, काका, तुमच्या मशीनला एम लागते. मोठी बॉबिन. एल लहान असते. तुम्हीच एल म्हणालात. मी म्हणालो, एल म्हणजे लाँगआर्म. ती मग म्हणाली, नाही हो काका.

हे नामकरण कोणी केलं त्याला खरेदी विभागात एक दिवस बसवायला पाहिजे.

बदलून मिळेल, वेळ लागेल. वेळ लागला तर लागू दे.

१६ मार्च

काल रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं की मला आनंद झालाय. याचं कारण अभ्यासायला हवं.

२८ मार्च

दातवाले दारात आले. आवाज अजून आहेत, म्हणाले. बायकोला झोप लागत नाही. हवं तर डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, आवाजाला? ते म्हणाले, नाही, तुम्हाला.

दातांचा डॉक्टर! माझी तब्येत ठणठणीत. फक्त दुपारी झोपून उठलं की पोटऱ्या दुखतात. वयाने असेल.

६ एप्रिल

क बदलून यायचा आहे. तोवर अ आणि ब यांचा फेरविचार. तक्ता पुन्हा केला, या वेळी रंगीत. एम साठी वेगळा रकाना.

लेकीने मला न विचारता मावशीला फोन केलाय. मेव्हणी येतेय. भावोजी, मी फक्त बघून जाते, म्हणाली. ती कुठेच फक्त बघून जात नाही.

माझं धोरण: खोलीला कुलूप.

१० एप्रिल, सकाळ

मेव्हणी आली. बॅग ठेवली, हात धुतले, कुलूप बघितलं आणि किल्ली मागितली. मी म्हणालो, सापडत नाही. ती म्हणाली, भावोजी, तुमच्या गळ्यात आहे. बनियनवरून दिसत होती.

खोलीत गेली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. क्विल्टवर हात फिरवला. ताईने नक्षीतलं पान कोपऱ्यापर्यंत आणलंय बघा, म्हणाली, आणि नाक पुसलं. मीही दुसरीकडे बघितलं. तेवढ्यापुरतं आमचं पटलं.

१० एप्रिल, दुपार

अनर्थ.

मी तिला शांतपणे सगळी परिस्थिती समजावत होतो. मोटर जळाल्याचं, अ, ब, क चं, रंगीत तक्त्याचं. ती ऐकत ऐकत वाइंडरपाशी गेली, दोन बोटांनी ती बॉबिन उचलली, बाजूला ठेवली, एक रिकामी घातली, दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि छोटा दांडा आत लोटला.

वाइंडर सुरू झाला. गुणगुणत, जसा हिच्या हाताखाली व्हायचा तसा.

म्हणाली, भावोजी, मोटर कसली जळतेय. बॉबिन भरली की हा थांबतो. भरलेली काढून घेईपर्यंत पुन्हा चालू होत नाही. तसाच बनवलाय तो. एवढे महिने तुम्ही ती काढलीच नाही?

मी म्हणालो, पंचनामा बाकी होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. हसली असती तर परवडलं असतं. हसली नाही.

१० एप्रिल, संध्याकाळ

तिच्याशी बोलत नाही. ती बॉबिन कुठे ठेवलीस, एवढंच विचारलं. म्हणाली, डब्यात. डबा उघडला. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या काठोकाठ, सगळ्या सारख्या. हिने भरलेल्या एवढ्या नीट की एकीपासून दुसरी ओळखता येऊ नये.

एकेक कानाशी धरून बघितली. का, ते माहीत नाही.

१२ एप्रिल

शिवण सुरू. माझ्या हातून नाही. मी सकाळी थोडं करून बघितलं, हिने आखलेल्या पानावर. पान झालं नाही. मेव्हणीने न बोलता उसवलं. तेवढी माणुसकी आहे तिच्यात.

दुपारी पडलो होतो. पावलं सुरू झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आज मशीनचा आवाजही. मी हाक मारली. नेहमीची, घरातली. पावलं थांबली. दारात मेव्हणी. काय झालं भावोजी? मी म्हणालो, काही नाही, पाणी.

तिने पाणी आणून दिलं. तिने हाक ऐकली होती. ताईला मारायचो ती.

१४ एप्रिल

मेव्हणी जेवताना म्हणाली, तुम्हाला एक सांगू का, रागावू नका. मी म्हणालो, मी कधीच रागावत नाही. ती म्हणाली, काल दुपारी मी जरा लवंडले होते. जाग आली ती पावलांनी. खोलीत येऊन बघितलं तर तुम्ही. डोळे अर्धवट मिटलेले. बंद मशीनची हँडलं धरून चालत होतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळताना डावा पाय घासत, ताईसारखा. मी उठवलं नाही.

मी म्हणालो, अशक्य. मी झोपलेला होतो.

ती म्हणाली, झोपलेलेच होतात.

ही बाई दिवसभर बारीक टाके बघते. डोळ्यांवर ताण येतो, मग काहीबाही दिसतं. तिला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला. तिने भाजी वाढली आणि विषय संपवला. माझ्या पानात जास्त वाढली.

२० एप्रिल

क्विल्ट पुरी. फ्रेमवरून उतरवली. मी म्हणालो, एवढी घाई काय, कडा पक्क्या व्हायच्यात, वाइंडर यायचाय. मेव्हणी म्हणाली, लेकीचे दिवस भरत आलेत भावोजी. बरोबर आहे.

टेबलावर उलटी पसरून तपासणी केली. मालाची तपासणी हा माझा हातखंडा. एका वेष्टनात दोन कारखान्यांचा माल आला तर मी हात लावून सांगायचो. ठरवलं होतं, हिचं काम जिथे संपतं तिथे एक छोटा निळा टाका घालून घ्यायचा. लेकीला पुढे कळावं.

सकाळपासून बघतोय. भिंग घेऊन बघितलं. उजेडासमोर धरून बघितलं. पान, देठ, पान, देठ. ही जिथे संपली ती जागा सापडली नाही.

मेव्हणीला विचारलं. तिलाही सांगता येईना. म्हणाली, मी ताईच्याच टाक्यातून पुढे गेले हो, आता मलाच कळत नाही.

टाका मोठा पडतो म्हणे. कुठे मोठा पडतो?

२३ एप्रिल

मेव्हणी गेली, क्विल्ट घेऊन गेली. ती लेकीकडेच राहणार बाळंतपणाला. दारात वाकून नमस्कार केला. म्हणाली, लेकीकडे या, इथे एकटे राहू नका. मी म्हणालो, बघतो, वाइंडर यायचा आहे.

एम चा क दुपारी आला. सही करून घेतला. खोकं उघडलं नाही.

११ मे

नात झाली. लेक ठीक. जावयाने फोटो पाठवला. क्विल्टवर ठेवलीय, मुठी आवळून. नाक हिचं आहे. फोन कानाशी धरून मी खूप वेळ नुसता हो हो म्हणत होतो.

१९ मे, संध्याकाळ

जिन्यात दातवाले. खुशीत होते. म्हणाले, आता वर अगदी शांत आहे हो. महिना होत आला. काय उपाय केलात? मी म्हणालो, उपाय कसला. ते म्हणाले, काही असो, झोप छान लागते. नातीबद्दल अभिनंदन केलं.

वर आलो आणि विचार केला. पद्धतशीर, मुद्द्याला धरून.

मेव्हणीचं म्हणणं, चालत होतो तो मीच. ठीक. तसं असेल तर आजही पावलं वाजायला हवीत. खोली तीच, फ्रेम तीच, दुपार तीच. मी कुठे गेलोय? मी इथेच आहे. रोज दुपारी दोन्ही दारं उघडी ठेवून पडतो. मोजे घालून पडतो. उठतो तेव्हा मोजे स्वच्छ.

म्हणजे तो मी नव्हतो. ती हीच होती. सिद्ध झालं. मेव्हणीला कळवायला हवं, दातवाल्यांनाही.

आता येत नाही.